गार कापून बघितली आणि वारा दिसला

फ्रीझरमध्ये अजून एक अर्धी गार आहे. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर तारीख आणि वेळ मार्करने लिहिलेली. घरातले रोज विचारतात, ती फेकू का, आणि मी रोज नाही म्हणतो.

ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास एकदम अंधारून आलं, आधी गार वाऱ्याचा एक झोत आला, दारं आपटली, आणि मग पत्र्यावर कोणीतरी खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला. कानठळ्या बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. सहा-सात मिनिटं हे चाललं आणि अचानक थांबलं. अगदी नळ बंद केल्यासारखं. थोडं उजाडलंसुद्धा. माझा मामेभाऊ म्हणाला चला, गारा वेचू, आणि तो खाली अंगणात गेलाही. दोन-तीन मिनिटांत दुसरी सर आली, पहिलीपेक्षा मोठ्या गारांची, आणि त्याच्या कपाळावर भुवईच्या वर एक बसली. चार टाके पडले. डोळा वाचला ते नशीब.

त्याला घेऊन आलो, सगळं शांत झालं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की ती मधली दोन-तीन मिनिटं कुठून आली, वादळ संपलं होतं ना? मग वाचायला लागलो, आणि एवढं वाचलं की आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आधी ती गार. दुसऱ्या दिवशी सुरी गॅसवर तापवली आणि गार मधोमध कापली. दाबायचं नाही, नुसती गरम सुरी टेकवायची, ती वितळवत खाली जाते. मग तो अर्धा भाग खिडकीसमोर धरला. आत मधोमध वाटाण्याएवढा दुधी पांढरा ठिपका, जरासा एका बाजूला सरकलेला. त्याच्याभोवती काचेसारखा स्वच्छ थर, आरपार दिसेल असा. मग परत पांढरा, पण हा पातळ. मग परत स्वच्छ, आणि त्यात बारीक बुडबुडे, सगळे बाहेरच्या दिशेने रेघेत लावल्यासारखे. बाहेरून मात्र ती गोल अजिबात नव्हती, उंचवटे उंचवटे होते, आल्याच्या गड्ड्यासारखे. झाडाच्या खोडात वर्षं दिसतात तशी इथे मिनिटं दिसत होती.

शाळेत आपल्याला या थरांबद्दल एक गोष्ट सांगितलेली असते. गार खाली पडते, वारा तिला परत वर नेतो, तिथे थर चढतो, परत पडते, परत वर, जेवढ्या फेऱ्या तेवढे थर. मीही हेच धरून चाललो होतो. पण हवामानाचा अभ्यास करणारे आता ही गोष्ट तशी मानत नाहीत. बहुतेक गारा ढगातल्या वर चढणाऱ्या हवेच्या झोतातून, म्हणजे अपड्राफ्टमधून, साधारण एकदाच आडव्या-तिरक्या जातात आणि त्या एका प्रवासातच वाढतात. मग थर कशाचे? तेच खरं तर सगळ्यात सुंदर प्रकरण आहे, त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

पाणी शून्य डिग्रीला गोठतं हे आपल्याला पाठ असतं, पण ढगातल्या बारीक थेंबांना ते लागू नाही. थेंब गोठायला काहीतरी धरायला आधार लागतो, धुळीचा कण, मातीतल्या खनिजाचा तुकडा, किंवा बॅक्टेरियासुद्धा. स्युडोमोनास सिरिंजी नावाचा एक बॅक्टेरिया आहे, झाडांच्या पानांवर राहणारा, तो पाणी गोठवण्यात फार पटाईत, आणि गारांच्या मधल्या भागात असे जिवाणू सापडलेले आहेत. असा आधार मिळाला नाही तर थेंब उणे दहा, उणे वीस, अगदी उणे ३८ डिग्रीच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो. याला सुपरकूल्ड पाणी म्हणतात, मराठीत अतिशीत. म्हणजे वादळी ढगाचा मधला मोठा भाग हा गोठायला टेकलेल्या थेंबांनी भरलेला असतो, त्यांना फक्त एक धक्का हवा असतो.

त्यात एखादा बर्फाचा कण आला की हे थेंब त्याच्यावर आपटतात आणि आपटल्या आपटल्या गोठतात. त्यातून साबुदाण्यासारखी मऊसर पांढरी गोळी तयार होते, तिला ग्रॉपेल म्हणतात. माझ्या गारेच्या पोटातला तो दुधी ठिपका बहुतेक तोच. काही गारांच्या पोटात याऐवजी गोठलेला मोठा थेंब असतो, मग तो ठिपका स्वच्छ दिसतो.

आता थर. थेंब गोठतो तेव्हा तो उष्णता बाहेर टाकतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण बर्फ वितळवायला जेवढी उष्णता द्यावी लागते तेवढीच तो गोठताना परत देतो, एका ग्रॅमला ८० कॅलरी. गारेवर थोडे थोडे थेंब आपटत असतील तर ही उष्णता आजूबाजूच्या थंड हवेत निघून जाते, थेंब जागच्या जागी गोठतो, आत हवा अडकते आणि थर पांढरा होतो. पण गार दाट पाण्याच्या पट्ट्यात शिरली आणि थेंबांचा भडिमार झाला की एवढी उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग आजूबाजूला उणे पंधरा डिग्री असलं तरी गारेचा पृष्ठभाग शून्यावर येऊन थांबतो, पाणी लगेच गोठत नाही, सगळीकडे पसरतं, हळूहळू गोठतं, हवेला निसटायला वेळ मिळतो आणि काचेसारखा थर बनतो. ओली वाढ आणि कोरडी वाढ. म्हणजे पांढरा थर दिसला की समजायचं इथे थेंब कमी होते किंवा थंडी जास्त होती, स्वच्छ थर दिसला की इथे पाणी दाट होतं. वर-खाली फेऱ्या मारायची गरजच नाही, एकाच वाटेवर कुठे दाट कुठे विरळ पाणी लागलं तरी थर पडतात.

हे नुसतं डोक्यातून काढलेलं नाही. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे जड प्रकार अगदी थोड्या प्रमाणात असतात आणि ते प्रमाण ढगात उंचीप्रमाणे बदलतं, त्यामुळे गारेचा एकेक थर वेगळा वितळवून तपासला की तो साधारण किती उंचीवर चढला याचा अंदाज येतो. आणि दुसरं, ज्याने मी थक्क झालो, अमेरिकेत साउथ डकोटामधल्या एका इंजिनिअरिंगच्या संस्थेकडे टी-२८ नावाचं जुनं पंख्याचं ट्रेनिंग विमान होतं, त्याला चिलखतासारखा पत्रा ठोकून ते लोक चक्क गारपिटीच्या ढगात घालायचे, १९७० पासून २००३ पर्यंत. आत बसलेला पायलट, बाहेर गारांचा मारा, आणि पंखांखाली वाऱ्याचा वेग, पाणी, बर्फाचे कण मोजणारी यंत्रं. आज आपण आरामात वाचतो ते कोणीतरी तिथे जाऊन मोजून आणलेलं आहे.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच ठरली. गार वाढायची तर ती हवेत थांबली पाहिजे, आणि ती थांबते कशावर तर खालून येणाऱ्या झोतावर. झोत जेवढा जोरदार तेवढी जड गार तो पेलतो, आणि पेलवेनाशी झाली किंवा झोताच्या कडेबाहेर गेली की ती पडते. म्हणजे गारेचा आकार हे वाऱ्याचं माप आहे. अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान गारा साधारण ताशी १५ ते ४० किलोमीटरने पडतात. अडीच ते साडेचार सेंटिमीटरच्या ४० ते ६५ ने. पाच ते दहा सेंटिमीटरवाल्या ७० ते ११५ ने. दहाच्या वरच्या ताशी १६० च्याही पुढे जाऊ शकतात. जेवढ्या वेगाने ती पडते, साधारण तेवढ्या वेगाने वर जाणारी हवा तिला तोलून धरत होती असं समजा. आपण आडवा वारा अनुभवतो, फांद्या मोडतात, पत्रे उडतात, पण हा वारा उभा, जमिनीवरून आकाशाकडे, आणि तो आपल्याला कुठेच दिसत नाही, फक्त गार पडल्यावर तिच्या आकारात दिसतो.

आणि गार दुप्पट मोठी म्हणजे दुप्पट मार असं नाही. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, वेगही वाढतो, मिळून आघाताची ऊर्जा साधारण सोळापट जाते. म्हणून सुपारीएवढ्या गारांनी पानं फाटतात आणि टेनिस बॉलएवढ्या गारांनी गाडीची काच, कौलं आणि माणसाचं डोकं फुटतं.

आतापर्यंत नीट मोजली गेलेली सगळ्यात मोठी गार साउथ डकोटामध्येच व्हिव्हियन गावात २३ जुलै २०१० ला पडली, व्यास २०.३ सेंटिमीटर, वजन ८८० ग्रॅमच्या आसपास. ज्याला सापडली त्याने ती फ्रीझरमध्ये ठेवली, पण वादळामुळे लाइट गेलेली, मोजेपर्यंत थोडी वितळली होती, म्हणजे पडली तेव्हा याहून मोठीच. युरोपातली सगळ्यात मोठी इटलीत अझ्झानो देचिमोला, २४ जुलै २०२३, १९ सेंटिमीटर. वजनाचा विक्रम मात्र बांगलादेशातल्या गोपालगंजचा, १४ एप्रिल १९८६, १.०२ किलो. एक किलो बर्फ, आकाशातून. त्या गारपिटीत ९२ माणसं गेली. आणि त्याच्याही आधी आपल्याच देशात मुरादाबादला ३० एप्रिल १८८८ रोजी २४६ जण गेले. गारपिटीत इतके बळी गेल्याची दुसरी नोंद जागतिक हवामान संघटनेकडे नाही. आपण गारा म्हटलं की अंगणात वेचायची गंमत डोळ्यासमोर आणतो, मला हे आकडे वाचल्यावर ती गंमत पूर्वीसारखी वाटेना.

मग प्रत्येक गडगडाटी पावसात गारा का पडत नाहीत? खरं म्हणजे वर बर्फ जवळजवळ प्रत्येक वेळी असतो. उष्ण प्रदेशात शून्य डिग्रीची पातळी जमिनीपासून चार-पाच किलोमीटर वर असते, तिथून खाली येईपर्यंत छोट्या गोळ्या उबदार हवेत वितळून जातात. वादळी पावसाचे सुरुवातीचे टपोरे गार थेंब आठवा, त्यातले बरेचसे वितळलेले ग्रॉपेल आणि गारा असतात. म्हणूनच उंच भागात गारा जास्त, कारण जमीनच त्या पातळीच्या जवळ. केनियातलं केरिचो जवळपास विषुववृत्तावर आहे, पण डोंगराळ, आणि तिथे चहाच्या मळ्यांवर गारा वरचेवर पडतात. उलट कडाक्याच्या थंडीत गारपीट क्वचितच, कारण थंडीत जमीन तापत नाही आणि ढगाला उंच चढायला लागणारा जोर मिळत नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात बारीक बर्फाचे खडे पडतात ते वेगळे, तो जमिनीजवळच्या थंड हवेत गोठलेला पाऊस, त्याला वादळाची गरजच नाही.

आणि वीज. गारा आणि विजा एकत्र का येतात हे मला आधी कळलं नव्हतं, वाटायचं दोन्ही वादळात असतात म्हणून असतील. पण नातं त्याहून जवळचं आहे. त्या साबुदाण्यासारख्या ग्रॉपेलवर बर्फाचे हलके स्फटिक आपटतात तेव्हा दोघांमध्ये विद्युतभार वाटला जातो, ढगाच्या मधल्या थंड भागात जड गोळ्या बहुतेक ऋण होतात, हलके स्फटिक धन होऊन झोताबरोबर वर जातात, आणि ढगाचे दोन टोकं वेगळ्या भाराचे होतात. तोच बर्फ, तोच झोत, एकीकडे गार घडवतो आणि एकीकडे वीज. म्हणून विजांचा कडकडाट एकाएकी फार वाढला तर झोताने जोर धरलाय असं समजतात आणि पुढच्या काही मिनिटांत मोठ्या गारा किंवा घातक वारा येऊ शकतो.

आता मामेभावाचं कपाळ, म्हणजे ती मधली शांतता. वादळ म्हणजे एक ढग असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा तो अनेक ढगांचा झुबका असतो. त्यातला एक ढग, म्हणजे एक सेल, वाढतो, गारा टाकतो, तीस ते साठ मिनिटांत विरतो, तोवर शेजारी दुसरा उभा राहिलेला असतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांच्यामध्ये उघडीप वाटते. आमच्याकडे बहुतेक हेच झालं. पण याहून घातक प्रकार सुपरसेलचा. वारा जमिनीजवळ एका दिशेने आणि वर वेगळ्या दिशेने, जास्त वेगाने वाहत असला की अपड्राफ्ट स्वतःभोवती फिरायला लागतो, आणि पडणारा पाऊस त्या झोताच्या वाटेत न येता बाजूला पडतो, त्यामुळे झोत गुदमरत नाही, तासन्‌तास जिवंत राहतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या गारा बहुतेक याच ढगांतून येतात. टोर्नेडोही, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत उतरणारी वाऱ्याची फिरती सोंड, बहुतेक मोठे याच ढगांचे. आणि सुपरसेल तुमच्यावरून जाताना बरेचदा क्रम असा असतो की आधी पाऊस, मग गारा, शेवटी सगळ्यात मोठ्या गारा, आणि मग एकदम पाऊस थांबलेला, शांत, अंधारलेला तळ. तो फिरणाऱ्या झोताचा तळ असतो. टोर्नेडो आला तर तिथेच येतो. प्रत्येक गारपिटीनंतर टोर्नेडो येत नाही, बहुतेक वेळा येतच नाही, पण गारा थांबल्या म्हणजे वादळ गेलं हा हिशोब चुकीचा आहे एवढं नक्की.

सुरुवातीला दारं आपटणारा तो गार झोतही गारांचाच. पडणाऱ्या गारा आजूबाजूची हवा खाली ओढतात, आणि वाटेत वितळताना हवेतली उष्णता शोषून तिला थंड आणि जड करतात. जड हवा दाणकन जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते. जोर फार असला तर याला डाउनबर्स्ट म्हणतात, झाडं एका दिशेला झोपवून टाकतो तो. आणि असा वारा असताना गार सरळ पडत नाही, तिरकी येते, खिडकीवर येते, पिकाच्या बुंध्यावर येते. गारपीट अरुंद पट्ट्यात पडते त्यामुळे बांधाच्या अलीकडे होत्याचं नव्हतं आणि पलीकडचं पीक उभं, असं होतं. ज्याचं गेलं त्याला हे समजावून सांगता येत नाही.

रडारवाल्यांनी गार ओळखायची एक युक्ती काढलीय ती मला फार आवडली. मोठा पावसाचा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, उंचीपेक्षा रुंद. गार गडगडत, कोलांट्या खात येते, त्यामुळे सरासरीत ती सगळीकडून सारखीच दिसते. नवीन रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडतात. आडवं उत्तर जास्त आलं तर थेंब, आणि दोन्ही जवळपास सारखी येऊन सिग्नल प्रचंड जोरदार असला तर गारा.

थांबवता येतात का, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. माणसाने प्रयत्न भरपूर केलेत. १८९६ मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टिगर नावाच्या द्राक्षबागायतदाराने आकाशाकडे तोंड केलेल्या भोंग्याच्या तोफा उडवायला सुरुवात केली, ते खूळ इतकं पसरलं की काही वर्षांत इटलीत हजारो तोफा उभ्या राहिल्या. पुढे नीट चाचण्या घेतल्या तेव्हा काहीच फरक दिसला नाही आणि तोफा बंद पडल्या. तरी अजूनही गॅसवर चालणाऱ्या तशा तोफा विकल्या जातात. मला यात एक साधी गोष्ट पटते, ढगातल्या विजेचा कडकडाट कुठल्याही तोफेपेक्षा मोठा असतो, आवाजाने गारा फुटत असत्या तर गडगडाटातच फुटल्या असत्या. दुसरा उपाय म्हणजे ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडायचं, म्हणजे पाणी खूप कणांमध्ये वाटलं जाईल आणि एकही गार मोठी होणार नाही. कल्पना चांगली आहे. पण अमेरिकेत १९७२ ते ७४ आणि स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते ८१ अशा मोठ्या चाचण्या झाल्या, त्यात गारा कमी झाल्याचं सिद्ध करता आलं नाही. बागेवर जाळी घालणं हा खर्चाचा पण आज खरोखर चालणारा उपाय.

बाकी माणसाने करायचं ते थोडंच आहे. पक्क्या छपराखाली जायचं, काचेच्या खिडकीपासून लांब. गाडीत असलात तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबून काचेकडे पाठ करायची, शक्य असेल तर अंगावर काही जाड घ्यायचं. पुलाखाली रस्त्यातच गाडी उभी करायची नाही, मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. झाडाखाली तर नाहीच, वीज आणि फांद्या दोन्ही. आणि शेवटचा गडगडाट ऐकून अर्धा तास गेल्याशिवाय वेचायला बाहेर पडायचं नाही. गारा कुठे पळून जात नाहीत, मोठ्या असतील तर गवतात तासभर टिकतात.

अर्ध्या तासाने गेलात की मग मात्र एक काम करा. सगळ्यात मोठी शोधा, तिच्या शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, कारण ती मिनिटामिनिटाला लहान होत असते. रुपया किंवा लिंबू शेजारी ठेवण्यापेक्षा मोजपट्टी बरी, लिंबू प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळं असतं. मग पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये, आणि पिशवीवर वेळ लिहा. माझी रुंदीला साडेतीन सेंटिमीटर भरली, म्हणजे त्या दिवशी चार वाजता आमच्या डोक्यावर, काही किलोमीटर उंच, ताशी ५० किलोमीटरच्या आसपासचा वारा सरळ वर चढत होता. मामेभावाला लागलेली मोजायची राहिली. त्याला घेऊन परत आलो तोवर त्या जागी नुसतं पाणी होतं.